जयंतीचे रक्तदान वर्षभर कसे पुरेल?

१४ एप्रिलला नाशिकमधील कोणत्याही बौद्ध वस्तीत जा. विहारापुढे मांडव, निळे झेंडे, पंचशील ध्वज, सामुदायिक बुद्धवंदना आणि मांडवाच्या एका बाजूला खाटा टाकून चाललेले रक्तदान शिबिर, हे दृश्य आता आपल्या ओळखीचे झाले आहे. ६ डिसेंबरलाही अनेक ठिकाणी हेच दिसते. ज्या महामानवाने आपल्याला माणूसपण मिळवून दिले, त्याला अभिवादन करण्याची ही रीत फार चांगली आहे. कर्णकर्कश डीजेवर वर्गणी उधळण्यापेक्षा तर ती शतपटीने चांगली. ही रीत सुरू करणाऱ्या सर्व तरुण मंडळांचे आणि महिला मंडळांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

परंतु अभिनंदन करून थांबलो तर कार्यकर्ते म्हणून आमचे काम अपुरे राहील. उरलेल्या दिवसांचे काय? १५ जूनच्या मध्यरात्री एखाद्या बाळंतिणीला रक्त लागले, तर आपल्या जयंतीच्या शिबिरातले रक्त तिच्या उपयोगी पडेल काय? बहुधा नाही. ते का, आणि त्यावर आपल्याला काय करता येईल, हे आज समाजबांधवांपुढे मांडायचे आहे.

हिशेब मांडून पाहू

रक्त म्हणजे काही धान्य नव्हे की कणगीत भरले आणि लागेल तसे काढले. आपण दिलेल्या रक्ताचे रक्तपेढीत घटक वेगळे केले जातात. तांबड्या पेशी थंड ठेवल्या तर, पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे, ३५ ते ४२ दिवस टिकतात. डेंग्यूच्या साथीमुळे ज्यांचे नाव घरोघरी माहीत झाले त्या प्लेटलेट अवघ्या ५ दिवस टिकतात. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, गोठवून ठेवला तर सुमारे वर्षभर चालतो. मुदत संपली की पिशवी नष्ट करावी लागते. मग ती कोणी कितीही श्रद्धेने दिलेली असो.

आता वही उघडू. १४ एप्रिलला जमा झालेल्या तांबड्या पेशी जास्तीत जास्त २६ मेपर्यंत चालतात. त्या दिवशी ज्यांनी रक्त दिले त्या पुरुषांना नियमाप्रमाणे ९० दिवस आणि महिलांना १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे पुरुषांची पाळी १३ जुलैला येते आणि महिलांची १२ ऑगस्टला. याचा अर्थ मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत, जवळजवळ सात आठवडे, आपल्या वस्तीची जमेची बाजू कोरी राहते. नेमक्या याच सुमारास महाविद्यालयांना सुट्या असतात आणि लोक गावी गेलेले असतात. त्यामुळे इतर शिबिरेही कमी होतात. उन्हाळा आला की रक्ताच्या तुटवड्याच्या बातम्या येऊ लागतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. पुढे पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की प्लेटलेटसाठी धावाधाव होते. एप्रिलच्या शिबिराचा तेव्हा काडीचाही उपयोग नसतो.

शंभर जणांनी एकाच दिवशी रक्त देण्यापेक्षा दर महिन्याला तीस जणांनी दिले, तर ते अधिक जीव वाचवील. हिशेब इतका सरळ आहे.

ज्याचे कोणी नाही त्याचे काय?

नाशिकच्या रुग्णालयांत फक्त नाशिककर येत नाहीत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवणच्या पाड्यांवरून बाळंतपणात अडलेली आदिवासी भगिनी येते. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात झालेला ट्रकचा क्लिनर येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रात हात सापडलेला कंत्राटी कामगार येतो. यांच्या नातेवाइकांना "एक पिशवी नेता, तर बदल्यात रक्त द्यायला माणूस आणा" असे सांगितले जाते, तेव्हा त्या माणसाने कोणाकडे जावे? या शहरात त्याच्या ओळखीचे कुत्रेही नसते. बायको आत, तान्हे मूल सासूच्या मांडीवर, आणि हा बाहेर व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याचे तोंड पाहत उभा. असे प्रसंग रुग्णसेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने ही बदलीची पद्धत संपवून सगळे रक्त ऐच्छिक रक्तदात्यांकडून मिळावे, असे ध्येय ठेवले. परंतु पेढीत साठाच नसेल तर ध्येय कागदावरच राहणार.

अशाच अगतिक माणसाला पूर्वी दलाल गाठत असत. पैसे घेऊन रक्त देणारे लोक त्या काळी असत. ते बहुतेक हातावर पोट असणारे, उपाशी, व्यसनात सापडलेले गरीबच होते. पैशाच्या गरजेपोटी ते आजार लपवीत आणि अंगात रक्त नसतानाही पुन्हा पुन्हा देत. विकणाराही मरणाच्या दारात आणि घेणाराही. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. ही बंदी गरिबाच्याच हिताची आहे. पण ती खऱ्या अर्थाने पाळायची, तर विकत मिळणाऱ्या पिशवीची जागा कोणीतरी दानाच्या पिशवीने भरली पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे आपण.

थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर रक्त लागते. सिकलसेल तर आपल्या घरचाच प्रश्न आहे. १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलबद्दल लिहिले. पुढच्या तपासण्यांतून विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि अनेक आदिवासी जमातींत हा आनुवंशिक आजार असल्याचे वारंवार दिसून आले. नाशिकच्या कितीतरी बौद्ध घरांची सोयरीक विदर्भात आहे. या आजाराच्या काही रुग्णांना वेळोवेळी रक्त चढवावे लागते. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यावे असा नियम आहे, हेही समाजबांधवांनी ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांनी सांगितलेले दान

आपण विहारात दानपारमितेबद्दल ऐकतो. दान म्हटले की चीवरदान, भोजनदान, विहारासाठी वर्गणी एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दानाचा अर्थ सांगताना संपत्तीबरोबर रक्ताचाही स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि हे देणे दुसऱ्याच्या कल्याणासाठी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता असावे असे म्हटले आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. आज वैद्यकशास्त्र ज्याला ऐच्छिक, विनामोबदला रक्तदान म्हणते, त्याचाच हा धम्मातला अर्थ आहे.

म्हणून आम्ही मंडळांच्या कार्यकर्त्यांना नम्रपणे सांगू इच्छितो की शिबिराच्या फलकावर "प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेटवस्तू" असे लिहू नका. चहा-बिस्किट द्यावे, प्रमाणपत्र द्यावे. पण बॅग आणि बादलीच्या मोहाने आलेला माणूस तब्येतीबद्दल खरे सांगेलच असे नाही. आणि ज्या शिबिरात भेटवस्तू नाही तिकडे तो फिरकणारही नाही.

पिशवीवर जात लिहिलेली नसते

नाशिकच्या माणसाने तर रक्ताबद्दल जास्तच विचार केला पाहिजे. २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपला स्पर्श झाला तर देव बाटतो म्हणून दारे बंद करण्यात आली. त्याच १९३० साली कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाला मानवी रक्तगटांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोध त्याने १९०१ साली लावला होता. माणसामाणसांच्या रक्तात फरक आहे, पण तो अ, ब, ओ अशा गटांचा आहे आणि प्रत्येक गट सर्व जातींत, सर्व धर्मांत सापडतो. जातीमुळे रक्ताची शुद्धता टिकते हा दावा बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या प्रबंधात खोडून काढला, तो काही उगाच नव्हे.

भेद करणारे परदेशातही होते. अमेरिकेत डॉ. चार्ल्स ड्र्यू या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने प्लाझ्मा साठवण्याचे मोठे काम उभे केले आणि १९४१ साली रेडक्रॉसच्या रक्तपेढीचे ते प्रमुख झाले. पण दुसऱ्या महायुद्धात तिथे कृष्णवर्णीयांचे रक्त प्रथम नाकारले गेले आणि १९४२ पासून ते स्वीकारूनही वेगळे ठेवले जाऊ लागले. याला शास्त्राचा कोणताही आधार नाही, असे ड्र्यू यांनी ठामपणे सांगितले. रेडक्रॉसने ही पद्धत १९५० साली बंद केली. आज आपल्या रक्तपेढीतील पिशवीवर गट, क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. जात नसते. आपण दिलेले रक्त कोणाच्या अंगात जाते हे आपल्याला कळत नाही, आणि घेणाऱ्यालाही आपण कोण ते कळत नाही. समतेचा याहून साधा व्यवहार कोणता?

भीती आणि गैरसमज

"आम्ही कष्टाची कामे करणारी माणसे, रक्त दिले तर अशक्तपणा येईल," असे माताभगिनी आणि कामगार बंधू म्हणतात. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले ३५० मिलिलिटर घेतात, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० घेता येते. त्यातील पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. मात्र रात्रपाळी करून जागरणाने थेट शिबिराला येऊ नये, उपाशीपोटी येऊ नये, दारू पिऊन तर मुळीच येऊ नये. रक्त दिल्यावर भरपूर पाणी प्यावे आणि त्या दिवशी ओझे उचलू नये. म्हणूनच शिबिर रविवारी सकाळी घ्यावे, म्हणजे कोणाचा रोज बुडत नाही.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. आपल्या बऱ्याच भगिनी हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत जातात आणि खट्टू होतात. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. अंगात रक्त कमी आहे हे कळले, हाही शिबिराचा फायदाच समजावा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. मूल अंगावर पिणाऱ्या मातांनी रक्त देऊ नये.

तरुणांना एक खास सूचना. जयंतीच्या आधी दंडावर 'जयभीम' गोंदवून घेण्याची हौस आपल्या मुलांना फार. गोंदल्यानंतर १२ महिने रक्त देता येत नाही. हौस जरूर करा, पण आधी विचार करा.

अर्जातील प्रश्नांची उत्तरे खरी लिहावीत. कावीळ, सिकलसेल, चालू औषधे, काहीही असेल तर डॉक्टरांना सांगावे. प्रत्येक पिशवीची एड्सचा विषाणू, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तरीही नुकताच झालेला संसर्ग तपासणीत निसटू शकतो. स्वतःची तपासणी फुकट व्हावी म्हणून कोणीही रक्त देऊ नये.

रक्तगट माहीत असण्याचेही मोल आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक दुर्मीळ रक्तगट सापडला. तो जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणूनच ओळखला जातो. वरवरच्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा रुग्णाला 'ओ' गटाचे रक्त चालत नाही, त्याच गटाचे लागते. असा दाता आपल्या वस्तीतही असू शकेल. नियमित रक्त देणाऱ्यालाच ते कळणार.

आता काय करावे?

प्रत्येक विहाराने एक वही घालावी. रक्त देण्यास योग्य असलेल्यांची नावे, रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख तीत लिहावी. पुरुषांचे तीन गट पाडावेत. प्रत्येक गटाने तीन महिन्यांनी, आपापल्या महिन्यात रक्त द्यावे. पहिल्या गटासाठी तारखा आपल्या इतिहासातच आहेत. १४ एप्रिल, १४ जुलै, १४ ऑक्टोबर म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षेचा दिवस, आणि १४ जानेवारी म्हणजे १९९४ च्या नामविस्ताराचा दिवस. या चारही तारखांत ९० किंवा अधिक दिवसांचे अंतर पडते. दुसरा आणि तिसरा गट पुढील महिन्यांत येतील. त्यांनी ९० दिवस भरले की नाही हे वही बघून ठरवावे. भगिनींसाठी ७ फेब्रुवारी ही माता रमाईंची जयंती आणि १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन ठेवावा. १४ जून हा लँडस्टायनरचा जन्मदिवस आहे आणि तुटवड्याचा काळही आहे.

वीस-पंचवीस माणसे जमत नसतील तर शिबिराची वाट पाहू नये. चार-पाच जणांनी मिळून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा कोणत्याही परवानाधारक रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावे. येण्या-जाण्यासह दोन तासांचे काम आहे. मोबाईलवर "तातडीने रक्त हवे" असा निरोप आला तर आधी दिलेल्या क्रमांकावर विचारून खात्री करावी, मगच पुढे पाठवावा. महिनोन्‌महिने फिरणारे जुने निरोप खऱ्या गरजवंताची वाट अडवतात.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांच्या जयंतीला आपण एक दिवस रक्त देतो. आता पुढचे पाऊल टाकू या. या रविवारी वंदनेनंतर आपल्या विहारात वही उघडा, पहिल्या पानावर आपले नाव लिहा आणि शेजारच्या माणसाच्या हातात पेन द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!