'ॲक्सेस इज डिनाइड' आलं तर काय करायचं?

असोद्यात शेजारच्या नानांकडे मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रॅमची सेटिंग बदलायची होती. सेव्ह केलं की 'ॲक्सेस इज डिनाइड'. कॉम्प्युटर घरचा, अकाउंट ॲडमिनचं, मग परवानगी कसली?

2007 मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ॲडमिन अकाउंटवरही प्रोग्रॅम साध्याच अधिकारांनी चालतात. 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्ये बदल करायला वेगळी परवानगी लागते. व्हायरसला आळा बसावा म्हणून ही सोय. काही जुने प्रोग्रॅम सेटिंगची फाइल तिथेच ठेवतात, म्हणून अडतं.

क्रमाने करून बघा:

1. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. आयकॉनवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. सेटिंग बदला, सेव्ह करा. पुढे नेहमीसारखाच उघडा.

2. तरी अडलं तर सेटिंगच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण काढा.

3. फाइल 'डॉक्युमेंट्स'मध्ये असेल तर विंडोज सिक्युरिटीत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का बघा. तिथे खात्रीच्या प्रोग्रॅमला परवानगी देता येते.

नानांचं काम पहिल्याच पायरीत झालं.

एक कळकळीची विनंती: परवानगी विचारणारी चौकट वैतागून कायमची बंद करू नका. कुठून तरी उतरवलेला प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवू नका.

तुमचं कुठे अडलंय? स्क्रीनवरचा मेसेज जसाच्या तसा खाली लिहा, मिळून सोडवू.