तिसऱ्या चाकाचा तोल

मोटारसायकलचे मागचे एक चाक काढून त्या जागी आसावर दोन चाके बसवायची आणि दुचाकीचे तीनचाकी वाहन करायचे, या बदलाला जगभर ‘ट्राइक’ म्हणतात. अमेरिकेत हा बदल प्रामुख्याने लांब पल्ल्याच्या प्रवासी मोटारसायकलींवर केला जातो, कारण चारशे किलोच्या आसपास वजनाची होंडा गोल्ड विंगसारखी गाडी थांबल्यावर पायांवर तोलून धरणे उतारवयात अवघड होते. महाराष्ट्रात मात्र तिसऱ्या चाकामागे दोन निराळ्या गरजा आहेत: ज्याच्या पायांत बळ नाही त्याला कुणाच्या मदतीवाचून घराबाहेर पडता यावे ही एक, आणि कमी खर्चात माल किंवा माणसे वाहता यावीत ही दुसरी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. परंतु त्या भागवणाऱ्या वाहनाचा तोल, त्याचे वळणे आणि त्याचे कायद्यातील स्थान यांविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे बाजारपेठेचे गाव या प्रश्नाच्या विचाराला विशेष सोयीचे आहे. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ या गावावरून जातो, त्यामुळे मालमोटारी आणि बसगाड्या जेथून वेगाने धावतात त्याच रस्त्यावर हळद आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शिवारातली वाहतूकही येऊन मिळते. महामार्ग सोडून आत वळले की काळ्या मातीच्या वाटा लागतात, ज्या पावसाळ्यात चिखलाच्या आणि उन्हाळ्यात चाकोऱ्यांच्या असतात. महामार्गाच्या वेगाला साजेसे तीनचाकी वाहन आणि पांदणीच्या वाटेला साजेसे तीनचाकी वाहन ही यंत्रदृष्ट्या एकच वस्तू नव्हे, आणि पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तीनचाकी मोटारसायकलीचा एक प्रदीर्घ कारखानदारी इतिहास हार्ले-डेव्हिडसनच्या ‘सर्व्ही-कार’चा आहे. सुमारे ७४० घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे मोटारसायकलचे हँडल व चाक आणि मागे दोन चाकांवर पेटी, अशा रचनेची ही गाडी १९३२ पासून १९७३ पर्यंत तयार होत होती आणि अमेरिकी शहरांतील पोलिसांनी ती वाहने उभी करण्याच्या नियमांवर देखरेख ठेवण्यासाठी दीर्घकाळ वापरली. त्यानंतर ट्राइक हे प्रामुख्याने स्वतंत्र रूपांतरकारांचे क्षेत्र राहिले. १९८५ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या लेहमन ट्राइक्ससारख्या कंपन्यांनी तयार मोटारसायकलीला मागचा आस बसवण्याचे काम व्यवसाय म्हणून वाढवले. हार्ले-डेव्हिडसनने २००९ सालच्या श्रेणीत ‘ट्राय ग्लाइड’ ही तीनचाकी पुन्हा आणली, तेव्हा तिच्या रूपांतराचे काम आरंभी लेहमनकडेच होते. मोठ्या कंपनीने हे ज्ञान गॅरेजमधून वर घेतले, ही गोष्ट आपल्याकडील कारागिरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतात या रूपांतराचे सर्वांत यशस्वी अपत्य, म्हणजे रिक्षा, रोज डोळ्यांसमोर असते, म्हणूनच त्याकडे रूपांतर म्हणून पाहिले जात नाही. कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्याने आरेखित केलेली इटलीतील पियाज्जो कंपनीची ‘आपे’ १९४८ मध्ये आली, ती मुळात व्हेस्पा स्कूटरच्या मागे दोन चाके व हौदा जोडून तयार झालेली मालवाहू गाडी होती. त्याच वर्षापासून बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पुढे बजाज ऑटो झालेली संस्था, आयात केलेल्या दुचाकी व तीनचाकी विकू लागली. १९५९ मध्ये तिला भारतात उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूज येथे तिचा कारखाना उभा राहिल्यावर रिक्षांच्या उत्पादनाशी मराठवाड्याचे थेट नाते जुळले. स्कूटरला दोन मागची चाके लावण्याची युक्ती येथे संपूर्ण वाहनाच्या रूपाने स्थिरावली, कारण आस, ब्रेक, सांगाडा आणि टप यांचा विचार एकत्र झाला होता.

दुसरा प्रवाह कारखान्याबाहेरचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या अमेरिकी मोटारसायकलींना मागे आसनांचा डबा जोडून दिल्लीत प्रवासी ‘फटफटी’ चालवल्या गेल्या, त्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून रस्त्यांवरून गेल्या. सौराष्ट्रात एन्फिल्ड बुलेटच्या पुढच्या भागावर उभा राहिलेला ‘छकडा’ गावोगावची वाहतूक करू लागला. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा आणि अवजारे जोडता येतील असा सांगाडा बसवला. ‘बुलेट सांती’ नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्राने बैलजोडी परवडेनाशी झालेल्या शेतकऱ्याला पेरणी व कोळपणीची सोय दिली आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. हळदीच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील कोणत्याही अल्पभूधारकाला हे यंत्र परके वाटणार नाही. मात्र ते शेतात, माणसाच्या चालण्याच्या वेगाने चालते. त्याच रचनेला महामार्गावर ताशी साठ किलोमीटरने नेणे हा वेगळाच प्रश्न आहे.

तो प्रश्न तोलाचा आहे. तीन चाकांचे वाहन थांबलेले असताना पडत नाही, यावरून ते चालतानाही दुचाकीपेक्षा सुरक्षित असते असा समज सहज होतो. परंतु तिवई खडबडीत जमिनीवर डगमगत नसली तरी कडेला भार पडताच चौरंगापेक्षा आधी कलंडते, हा घरातला अनुभव येथे तंतोतंत लागू पडतो. पुढे एक आणि मागे दोन चाके असलेल्या गाडीचा आधार त्रिकोणी असतो. वळताना तिचा भार बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि पुढचे चाक व बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेवरून ती उलटू पाहते. गुरुत्वमध्य, म्हणजे गाडी व चालक यांच्या एकत्रित वजनाचा मध्यबिंदू, जितका पुढे, तितका तो या रेषेजवळ येतो, आणि जितका उंच, तितकी गाडी लवकर उलटते. समजा मागच्या दोन चाकांतील अंतर १.२ मीटर आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटर उंच आहे आणि पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतच्या लांबीपैकी साठ टक्के अंतरावर आहे. अशी गाडी गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ पट बाजूचे त्वरण येताच आतले चाक उचलते, तर तेवढ्याच रुंदीची व उंचीची चारचाकी ते साधारण १ पटीपर्यंत सोसते. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर हा फरक ताशी सुमारे ३९ आणि ५० किलोमीटर इतका पडतो. त्यातच वळणावर ब्रेक दाबला तर भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि उलटण्याची मर्यादा आणखी खाली येते. उलटपक्षी जड माल मागच्या आसावर आणि तळाशी ठेवल्यास गाडी अधिक स्थिर होते; तोच माल उंच रचल्यास सारा लाभ नाहीसा होतो.

वळण्याची रीतही मुळापासून बदलते. दुचाकी उजवीकडे वळवायची असता चालक नकळत हँडल क्षणभर डावीकडे फिरवतो, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. ट्राइक कलत नाही, तिचे हँडल ज्या दिशेला जायचे त्याच दिशेला फिरवावे लागते, आणि वर्षानुवर्षांची दुचाकीची सवय संकटाच्या क्षणी चालकाला उलट हालचाल करायला लावू शकते. कलणाऱ्या दुचाकीत चाकावरचा भार बहुतांशी चाकाच्या प्रतलातच राहतो, म्हणून तारांचे चाक आणि पुढचा सडपातळ फोर्क तो पेलू शकतात. न कलणाऱ्या गाडीत तोच भार आडवा येतो आणि तारा, बेअरिंग व फोर्क यांच्यावर असा ताण पडतो ज्यासाठी ते घडवलेलेच नसतात. पुढच्या चाकाच्या टेकण्याची जागा हँडलच्या अक्षरेषेच्या मागे असते, त्या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. दुचाकीला ते सरळ धावण्यासाठी लागते, पण ट्राइकचे हँडल त्याच्यामुळे फार जड होते, म्हणून चांगले रूपांतरकार फोर्कचा कोन बदलून ते कमी करतात आणि त्यामुळे कमी वेगात येणारी हँडलची थरथर रोखण्यासाठी शोषक बसवतात.

मागच्या आसाची गोष्ट गॅरेजच्या अधिक परिचयाची आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना शक्ती देऊनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जुळणी, म्हणजे डिफरेन्शियल, लागते. ती वगळून सरळ दांडा जोडल्यास गाडी वळण घेण्यास विरोध करते आणि टायर घासतात. एकाच चाकाला शक्ती देऊन दुसरे मोकळे ठेवण्याचा स्वस्त उपाय शेतात चालतो, पण निसरड्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. रिक्षाचा जुना आस मिळवून तो मोटारसायकलच्या सांगाड्याला वेल्डिंगने जोडणे कुशल मिस्त्रीच्या हातचे आहे. मात्र जोड देताना तापलेल्या नळीची ताकद किती उरली, मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे लागतात का आणि साखळीची ओढ सांगाड्याला कोणत्या दिशेने पिळते, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. कारागिरी आणि चाचणी यांच्यातील ही दरी आखाडा बाळापूरसारख्या गावांची खरी अडचण आहे. हात आहेत, मोजमापाची साधने नाहीत.

अपंग व्यक्तींच्या स्कूटरला दोन्ही बाजूंना जोडली जाणारी चाके हा तांत्रिकदृष्ट्या निराळा प्रकार आहे. त्यात मूळ मागचे चाकच शक्ती देते आणि बाजूची चाके केवळ आधार देतात, म्हणून डिफरेन्शियलची गरज उरत नाही व खर्च कमी होतो. त्याची उणीव खड्ड्यांच्या रस्त्यावर दिसते: बाजूची दोन्ही चाके उंचवट्यावर आली की मधले चाक अधांतरी होऊन जागेवर फिरते. ज्याला उतरून गाडी ढकलता येत नाही त्याच्यासाठी ही किरकोळ तक्रार नव्हे. बाजूच्या चाकांना पुरेशी हलणारी स्प्रिंग देणे आणि गाडी मागे घेण्याची सोय करणे या दोन गोष्टींना चैनीची वस्तू समजणे अन्यायाचे आहे.

अपंगांचे स्वावलंबन आणि स्वस्त वाहतूक या आरंभी सांगितलेल्या दोन गरजांकडे कायदा वेगळ्या दृष्टीने पाहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार मोटारसायकल म्हणजे दुचाकी वाहन, ज्यात काढता येणाऱ्या साइडकारचे जादा चाक समाविष्ट आहे. मागे कायमची दोन चाके बसवली की गाडी त्या व्याख्येबाहेर जाते. कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तिकेतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. परंतु त्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या वापरासाठी वाहन अनुकूल करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेण्याचा मार्गही खुला ठेवला, आणि पूर्वीच्या ‘अपंग वाहन’ या संकुचित संज्ञेऐवजी ‘अनुकूलित वाहन’ ही व्यापक संज्ञा आणली. त्याआधी, २०१३ मध्ये, घरगुती जुळणीचे ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच आहे आणि त्याला नोंदणी व विमा लागतोच, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते. ही कठोरता योग्यच आहे, कारण नोंदणीविना धावणाऱ्या गाडीने अपघात केल्यास जखमी पादचाऱ्याच्या भरपाईला विमा कंपनीचा आधार उरत नाही.

पण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधला मार्ग इतर देशांनी आखला आहे. ब्रिटनमध्ये एकेका व्यक्तीने बांधलेल्या किंवा मुळापासून बदललेल्या दुचाकी-तीनचाकीसाठी ‘मोटारसायकल सिंगल व्हेइकल अप्रूव्हल’ ही सरकारी तपासणी आहे, ज्यात ब्रेक, दिवे, आवाज, आरसे आणि बाहेर आलेल्या धारदार कडा अशा बाबी त्या एकाच गाडीवर तपासल्या जातात व उत्तीर्ण गाडीची नोंदणी होते. महाराष्ट्रात या कामासाठी लागणारी विद्या आधीपासून उपलब्ध आहे: पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया वाहनांच्या चाचण्या करते. तेथील चाचणी मोठ्या उत्पादकाला परवडते, हिंगोली जिल्ह्यातील मिस्त्रीला नव्हे. म्हणून आसाची रुंदी, ब्रेकची रचना, सांगाड्याचे जोड आणि कमाल वेग ठरवून दिलेला एखादा अनुकूलन-संच पुण्यात एकदाच तपासून घ्यावा, तो कसा बसवायचा याचे प्रशिक्षण जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वेल्डर आणि फिटरना द्यावे, आणि ठरलेल्या दिवशी एमएच-३८ या क्रमांकाच्या नोंदणी कार्यालयाच्या निरीक्षकाने तालुक्याच्या ठिकाणी येऊन अशा गाड्यांचे ब्रेक, दिवे व वळण तपासावे, ही मागणी अवास्तव नाही. तपासणीत कलंडण्याची मर्यादा पाहायला महागडे यंत्रही लागत नाही: गाडी बाजूने हळूहळू तिरप्या होणाऱ्या फळीवर बांधून उभी करायची, वरच्या बाजूचे चाक फळी सोडते तो कोन मोजायचा, आणि त्यावरून ठरलेली वेगमर्यादा नोंदणीपुस्तिकेत व गाडीच्या हँडलजवळच्या पट्टीवर मराठीत लिहायची.