मेदातील मूळपेशींची पकड

मेदऊती म्हणजे नुसता चरबीचा साठा नव्हे. तेलाने टम्म फुगलेल्या मेदपेशींमधून केशवाहिन्यांचे दाट जाळे गेलेले असते. या वाहिन्यांना बिलगून आणि आसपासच्या तंतूंमध्ये तेल नसलेल्या लहान पेशी राहतात. मेदातील मूळपेशी त्यांतच असतात. प्रौढ माणसाच्या सुमारे १० टक्के मेदपेशी दरवर्षी नव्याने तयार होतात, असे २००८ मध्ये स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी दाखवले. ही भरती मूळपेशींतून होते. त्यासाठी त्यांना जागेवर टिकावे लागते, जगावे लागते आणि वेळ आली की बदलावेही लागते. या सगळ्यात आसंजक रेणूंचा, म्हणजे पेशीला परिसराशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचा, मोठा वाटा आहे.

त्यांतील प्रमुख रेणू इंटिग्रिन. अल्फा आणि बीटा या दोन साखळ्या मिळून एक इंटिग्रिन बनते. माणसात अशा २४ जोड्या आहेत. जोडीची बाहेरची बाजू कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन किंवा लॅमिनिन या प्रथिनांना पकडते, आतली बाजू पेशीच्या सांगाड्याला जोडलेली असते. त्यामुळे बाहेरचा आधार ताठ आहे की मऊ, याची खबर थेट आत पोहोचते आणि कोणती जनुके चालू राहायची यावर तिचा परिणाम होतो. पकड सुटली की जगत राहण्याचा निरोपही थांबतो आणि अनेक पेशी स्वतःच मरून जातात. या मरणाला १९९४ मध्ये ‘अनॉइकिस’ हे नाव मिळाले. ते ग्रीक भाषेतून घेतलेले असून त्याचा अर्थ बेघर होणे असा आहे.

पेशीने कशाला धरले आहे, यावर तिचे पुढचे आयुष्य किती अवलंबून असते, हे ब्रूस स्पीगलमन यांच्या १९८३ मधील प्रयोगातून फार सुंदर रीतीने दिसते. उंदराच्या मेदपूर्व पेशी फायब्रोनेक्टिनवर वाढवल्या, तेव्हा त्या पसरट राहिल्या आणि त्यांच्यात मेद तयार करणारी जनुके दबली. तोच फायब्रोनेक्टिनचा थर कायम ठेवून पेशींचा आतला सांगाडा सैल केला, तेव्हा त्या गोल झाल्या आणि पुन्हा मेदपेशी होऊ लागल्या. म्हणजे अडसर पकडीतून आलेल्या ताणाचा होता. पुढे असेही आढळले की मेदपेशी होताना फायब्रोनेक्टिन धरणारे अल्फा-५ इंटिग्रिन कमी होते आणि लॅमिनिन धरणारे अल्फा-६ वाढते. मेदपेशीभोवतीच्या पातळ पटलात लॅमिनिन भरपूर असते.

पेशी कोणत्या टप्प्यावर आहे, हेही या रेणूंवरून ओळखता येते. उंदरांत आयकॅम-१ हा आसंजक रेणू मेदपेशी होण्याच्या वाटेला लागलेल्या पेशींवर आढळतो. त्यांच्या आधीच्या पिढीची खूण वेगळी असते.

लायपोसक्शनने काढलेल्या चरबीतून मेद, हाड आणि कूर्चा बनवू शकणाऱ्या पेशी मिळतात, हे २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्या वेगळ्या करताना कोलॅजेनेज हे विकर भोवतीचे कोलॅजेन तोडते आणि पेशी मोकळ्या होतात. मग प्लास्टिकच्या बशीला ज्या चिकटतात, त्या पुढे वाढवल्या जातात. प्रत्यारोपणासाठी मात्र बशीचा आधार उपयोगाचा नाही. फायब्रोनेक्टिनमधील आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा इंटिग्रिनला धरण्यासाठी पुरतो, म्हणून तोच मऊ जेलमध्ये गुंफून या पेशींना नवी जागा धरायला मदत केली जाते.