मलावीच्या वॉर्डात ‘गार्डियन’ : शिकाऊ डॉक्टरचा पहिला धडा

सरकारी दवाखान्यात कुणाला ॲडमिट केलं की घरातलं एकजण डबा, चादर घेऊन मुक्कामाला जातं. बेळगाव असो की इंदूर, आपल्याला यात नवं काही नाही. आफ्रिकेतल्या मलावीत मात्र हा घरचा माणूस नुसता सोबतीला नसतो. वॉर्ड त्याच्यावरच चालतो. परदेशातून तिथे शिकायला जाणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना आधी हेच समजून घ्यावं लागतं.

गार्डियन म्हणजे कोण?

ब्लांटायरचं क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल हे मोठं सरकारी रुग्णालय. पेशंटजवळच्या नातेवाइकाला तिथे ‘गार्डियन’ म्हणतात. बहुतेकदा आई, बहीण किंवा मुलगी. अंघोळ घालणं, कूस बदलणं, कपडे धुणं, मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणजे न्सिमा शिजवून भरवणं, ही सगळी कामं तिचीच.

माणसं कमी का?

1991 पर्यंत मलावीत मेडिकल कॉलेजच नव्हतं. डॉक्टर परदेशात शिकायचे, बरेच तिकडेच राहायचे. 2000 नंतर अनेक नर्स ब्रिटनला गेल्या. 2004 मध्ये देणगीदार देशांच्या मदतीने सरकारने पगारात 52 टक्के भर घातली. फरक पडला, पण तूट भरली नाही. जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन आजही डॉक्टर नव्हे, तर डिप्लोमा झालेले ‘क्लिनिकल ऑफिसर’ करतात.

मग शिकायचं काय?

मॉनिटर कमी, रिपोर्ट वेळेवर येईलच असं नाही. अशा वेळी हाताशी दोनच गोष्टी असतात: पेशंटची ‘हेल्थ पासपोर्ट’ नावाची वही आणि गार्डियन. झटका किती वेळ टिकला, बाळ दूध ओढतंय का, हे तिलाच ठाऊक. म्हणून चिचेवा भाषेतली चार वाक्यं तरी यायलाच हवीत.

कमी वजनाचं बाळ आई चितेंजे या सुती कापडाने छातीशी बांधून ऊब देते. ही ‘कांगारू’ पद्धतही टंचाईतूनच आली. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरत नव्हते, तिथे ती सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते.

किंमत कोण मोजतं?

सरकारी उपचार मोफत आहेत, पण गार्डियनची मजुरी बुडते, मागची लेकरं आजीवर पडतात. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पेरणी-खुरपणी तेव्हाच, मलेरियाचा जोरही तेव्हाच. एक मूल वॉर्डात, बाकीचे घरी आणि शेतात तण, अशी आईची ओढाताण होते. उपचार अर्धवट असताना ती डिस्चार्ज मागू लागली, तर शिकाऊ डॉक्टरला ती हट्टी वाटते. खरं तर ती घरचा हिशेब मांडत असते.

म्हणून औषधाचा डोस लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘घरी कोण आहे?’ उत्तर ऐकलं, तर उपचार पुरे होण्याची शक्यता वाढते. आपल्याकडच्या वॉर्डातही हा प्रश्न तितकाच लागू आहे.