मंडईवरची पाटी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सौभाग्यवती माझ्या हाती एक यादी आणि दोन रिकाम्या पिशव्या ठेवतात, आणि मी मुकाट्याने क्रॉफर्ड मार्केटची वाट धरतो. हा आमच्या घरचा जुना प्रघात आहे. यंदा धाकटी कन्या बरोबर होती. नववीत आहे, त्यामुळे दिसेल त्यावर प्रश्न विचारणे हा ती आपला जन्मसिद्ध हक्क समजते. मी बेदाण्यांचा भाव करीत असताना तिने विचारले,

"बाबा, ह्या मंडईचं नाव महात्मा फुल्यांचं आहे ना? मग सगळे क्रॉफर्ड क्रॉफर्ड काय करतात? कोण होता हा?"

"मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर."

"चांगला होता का?"

आता या प्रश्नाचे उत्तर बेदाणे निवडता निवडता देता येण्यासारखे नाही. "घरी गेल्यावर सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. तेव्हा वाचकहो, कन्येला जे सांगितले तेच फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढेही ठेवतो. कारण ही गोष्ट एकट्या क्रॉफर्डची नाही. आपल्या गावचा कारभार, त्यातल्या तक्रारी, त्यातले तट आणि त्या सगळ्याचे बिल शेवटी कोण भरतो, याची ती गोष्ट आहे.

१८६५ साली मुंबईसाठी नवा म्युनिसिपल कायदा झाला. शहरातले जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले बडे लोक, यांची सभा हीच म्युनिसिपालिटी. आणि प्रत्यक्ष कारभार मात्र एकट्या कमिशनरच्या हाती. त्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड आला. वय जेमतेम तिशीचे, अंगात धडाडी आणि डोक्यात शहर बदलण्याचे वेड. त्याने साचलेली घाण उपसली, रस्ते केले, गटारांना हात घातला आणि ही देखणी मंडई उभारली. तिच्या दरवाजावरची शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवुड किपलिंगची, म्हणजे रडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. आज आपण ज्याला मुंबईचे वैभव म्हणतो, त्यातला बराच भाग या माणसाच्या हातचा आहे.

पण पैसा? नेमके त्याच १८६५ साली मुंबईतला शेअरबाजाराचा फुगा फुटला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसावर आलेला पैसा जसा आला तसा गेला, भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. घरपट्टी भरणाऱ्याची कंबर मोडलेली आणि कमिशनरसाहेबांचा हात मात्र सढळच. मंजुरी एवढी, खर्च तेवढा, ही मर्यादा राहिली नाही. अखेर १८७१ साली करदाते खवळले. नवरोजी फर्दुनजींसारखे लोक पुढे झाले, सभा झाल्या, हिशेब मागितले गेले, आणि क्रॉफर्डला जावे लागले.

इथे एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर मध्ये पडला. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभेपुढे उभे राहून त्याने सांगितले की, कमिशनर उधळ्या आहे हे मान्य. पण त्याने शहराचे कल्याण केले हेही खरे, आणि खरा दोष त्या सभेचा, जिने देखरेख करायची ती केली नाही. माणूस घालवून भागायचे नाही, घडी बदला. करदात्यांनी निवडलेले सभासद आणा आणि अधिकाऱ्याला त्यांच्यापुढे जबाबदार धरा. लोकांना हे रुचले नाही. ज्याच्यावर सगळे तुटून पडले आहेत त्याच्या बाजूने चार शब्द बोलणारा कोणाला आवडतो? त्या बॅरिस्टरचे नाव फिरोजशहा मेहता. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, नवा कायदा आला आणि चौसष्ट सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने तर मुंबईच्या महापालिकेचा पाया घातला. त्यातही मेहतांचा हात मोठा होता.

म्हणजे पहिल्या खेपेला तक्रारीतून काही चांगले निष्पन्न झाले. आता दुसरी खेप पाहा.

क्रॉफर्डसाहेब सरकारी नोकरीत राहिले, चढत गेले आणि मध्य विभागाचे कमिशनर होऊन पुण्यास आले. मुंबईतला सढळ हात इथेही आखडला नव्हता. राहणी थाटाची आणि कर्ज डोक्यावर. त्यांच्या हाताखाली तालुक्यातालुक्याचे मामलेदार. कोणाला बढती हवी, कोणाला बदली हवी, कोणाला बदली नको. या प्रत्येक गोष्टीला भाव आहे आणि तो साहेबांच्या मध्यस्थामार्फत पोचवावा लागतो, अशी कुजबूज वर्षानुवर्षे चालू होती. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद मागायची कोणाकडे? कोणी बोलत नव्हते; कारण जो बोलेल त्याने स्वतः पैसे दिले होते, आणि लाच देणे हाही गुन्हाच.

१८८८ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी हे प्रकरण हाती घेतले. पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांच्याकडे चौकशी आली. त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. तेव्हा सरकारने मामलेदारांना अभय दिले: खरे सांगा, तुम्हांला त्रास होणार नाही. त्या शब्दावर विसंबून मामलेदार बोलले. क्रॉफर्ड निलंबित झाला, वेष पालटून पळाला आणि मुंबईत सापडला. एकेकाळी ज्या शहराचा तो कर्ताकरविता होता, त्याच शहरात तो असा लपूनछपून यावा, हा दैवदुर्विलास म्हणायचा. न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचे कमिशन पुण्यास बसले.

निकाल काय लागला? लाच घेतल्याचा आरोप कमिशनने सिद्ध मानला नाही. हाताखालच्या मुलखातल्या माणसांकडून कर्जे घेऊन सरकारी नियम मोडला, एवढे मात्र ठरले आणि त्याबद्दल क्रॉफर्डला नोकरीतून काढण्यात आले. त्याच्या मध्यस्थाला, हणमंतरावाला, कैद झाली. इथवर गोष्ट संपायला हवी होती. पण खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांतला मोठा गट उसळला. गोऱ्या साहेबावर काळ्या मामलेदारांनी बोट ठेवावे म्हणजे काय! लॉर्ड रे यांच्यावर आधीच नाराज असलेल्यांना तर हे निमित्तच मिळाले. क्रॉफर्ड सुटला ना, मग ज्यांनी लाच दिल्याची स्वतः कबुली दिली ते मामलेदार अजून खुर्चीवर कसे, असा ओरडा सुरू झाला. आता गंमत पाहा. कायद्याच्या दृष्टीने हा ओरडा खोटा नव्हता. लाच दिलेला माणूस न्यायासनावर बसू नये हे तत्त्व कोण नाकारील? पण ते तत्त्व उच्चारणाऱ्यांच्या मनात तत्त्व नव्हते, हिशेब चुकता करायचा होता.

टिळकांनी या वेळी मामलेदारांची बाजू उचलून धरली. मामलेदार सोवळे होते, असा त्यांचा दावा नव्हता. मुद्दा साधा होता: सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर माणसांनी तोंड उघडले, आता शब्द फिरवाल तर पुन्हा कोण तोंड उघडील? पुण्यात जाहीर सभा झाली, विलायतेपर्यंत खटपट झाली. १८८९ साली साक्ष देणाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला. तरीही काही मामलेदार पदाला मुकलेच. शब्द अर्धा पाळला गेला.

तटबाजीचा तिसरा मासला पुन्हा मुंबईचा. १९०७ साली महापालिकेतले फिरोजशहांचे वर्चस्व मोडण्यासाठी एक कंपू उभा राहिला. त्यात अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल आणि 'टाइम्स'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर असे वजनदार लोक होते. जस्टिसांनी निवडायच्या सोळा जागा होत्या. मेहता सतरावे आले. पुढे निवडून आलेल्या एकाची निवड रद्द झाली आणि ते परत सभागृहात आले, ही गोष्ट वेगळी. पण त्यांनी म्युनिसिपालिटीची एक पैही खाल्ली, असा आरोप त्यांच्या शत्रूंनीही केला नव्हता. इथे तट होता, पण तक्रार नव्हती. १८७१ साली तक्रार होती. १८८८ साली तक्रार आणि तट यांची अशी गुंतवळ झाली की कोणता धागा कोणाचा हे सांगणे कठीण.

वाचकहो, ही गुंतवळ मी पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात पाहिली आहे. आमचे अण्णा देशावरच्या एका लहान गावी नगरपालिकेत कारकून होते. एकदा रस्त्याच्या कामाचा हजेरीपट त्यांच्या टेबलावर आला. त्यात काही नावे अशी होती की ती माणसे गावात नव्हतीच. त्यांतला एकजण तर दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि अण्णा त्याच्या मातीला जाऊन आले होते. अण्णांनी सही केली नाही. वर लेखी कळवले. बस्स, एवढेच. नगरपालिकेतल्या विरोधी गटाला ते पत्र म्हणजे दिवाळीच! सभेत गदारोळ, भिंतींवर पत्रके, अण्णांच्या नावाचा जयजयकार. मी सातवी-आठवीत असेन. मला वाटे, आमचे अण्णा केवढे मोठे!

वर्षभरात तो विरोधी गट सत्तेवर आला. हजेरीपटाची चौकशी कुठे गेली ते कोणी विचारले नाही. कारण तेच कंत्राटदार आता नव्या मंडळींच्या दारी बसू लागले होते. अण्णांची बदली गावाबाहेरच्या जकात नाक्यावर झाली, रात्रपाळीला. जुने लोक त्यांना फितूर म्हणत आणि नवे लोक ओळख दाखवीत नसत. आई एकदाच म्हणाली, "सही केली असती तर काय बिघडलं असतं?" अण्णा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या नावानं पगार काढायचा, तर उद्या त्याच्या बायकोपुढे कोणत्या तोंडानं उभा राहू?" पुन्हा हा विषय आमच्या घरात निघाला नाही.

त्या वेळी मला राग आला होता तो दोन्ही गटांचा. आज वयाच्या पंचेचाळिशीत, क्रॉफर्डचे प्रकरण वाचल्यावर, मला मामलेदार आठवतात आणि मामलेदारांमागून अण्णा. अण्णांनी पैसे दिलेही नव्हते आणि घेतलेही नव्हते, हा फरक आहे. पण गत तीच. तक्रार सगळ्यांच्या कामाची असते, तक्रारदार कोणाच्याच कामाचा नसतो. एक गट ती काठीसारखी वापरतो, दुसरा गट ती काठी कोणी दिली याचा शोध घेतो, आणि भांडण मिटले की काठी चुलीत जाते.

म्हणून गावच्या कारभाराबद्दल एखादी तक्रार आपल्या कानी आली की आपण पहिल्याने विचारतो, "ही कोणत्या पार्टीची?" हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, पण तो पहिला नव्हे. हजेरीपटावर मेलेल्याचे नाव आहे की नाही, हा पहिला प्रश्न. हेतू वाईट असूनही तक्रार खरी असू शकते, आणि हेतू चांगला असूनही खोटी. आणि दुसरा प्रश्न, जो आपण जवळजवळ कधीच विचारीत नाही: ज्याने तोंड उघडले, त्याचे पुढे काय झाले?

कायद्यांची आज वाण नाही. महाराष्ट्राने १९७१ सालीच लोकायुक्ताचा कायदा केला. २००५ साली माहितीचा अधिकार देशभर आला. आज कोणीही दहा रुपयांच्या अर्जावर हजेरीपट मागू शकतो. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१४ साली संसदेने कायदा संमत केला. पण १८८८ साली मामलेदारांना मिळालेले अभयही सरकारीच होते! कागदावरच्या शब्दाला बळ येते ते बाहेरच्या चार माणसांनी तो पाळून घेतला तर. पुण्याच्या त्या सभेला जमलेल्या लोकांनी तेवढे केले, म्हणून निदान अर्धा तरी पाळला गेला. आमच्या गावात जयजयकार करणारे पुष्कळ होते. नाक्यावर जाऊन अण्णांची विचारपूस करणारा मला कोणी आठवत नाही.

कन्येने हे सगळे निमूट ऐकले आणि विचारले, "मग फुल्यांचं नाव का दिलं?"

तेही सांगितले. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागताला एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. बत्तीस नियुक्त सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, हे त्यांचे म्हणणे. ज्या सरकारने नेमले, त्याच सरकारच्या सर्वांत मोठ्या पाहुण्याच्या स्वागताला नकार! मागाहून कुजबूज नाही, निनावी अर्ज नाही, कोणत्या तटाचा आधार नाही. पैसा खर्च होण्यापूर्वी, भर सभेत, नावानिशी. पुण्यात लाखो रुपये घालून नवी मंडई बांधायलाही त्यांचा विरोधच होता. ती मंडई तरीही झाली आणि गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले.

म्हणजे पाहा: ज्याच्यावर आरोप झाले त्या क्रॉफर्डची मंडई मुंबईत, ज्याने चौकशी लावली त्या लॉर्ड रे यांची मंडई पुण्यात, आणि आज दोन्ही मंडयांना नाव एकाच माणसाचे, ज्याला सभेत उभे राहून 'नाही' म्हणता येत होते.

"पण लोक तर अजून क्रॉफर्डच म्हणतात," कन्या म्हणाली.

"म्हणतात खरे," मी म्हणालो, आणि बेदाण्यांची पुडी सौभाग्यवतींच्या स्वाधीन केली.

त्यांनी ती तराजूवर ठेवली. पुडी पन्नास ग्रॅम कमी भरली.

"आता यायचं तक्रार करायला?" सौभाग्यवतींनी विचारले.

मी काही बोलण्याच्या आत कन्येने पायात चपला घातल्या होत्या.