एकाच दाराचे तीन दर

ताजमहालाच्या तिकिटाला तीन दर आहेत. भारतीयाला ५० रुपये, सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतून आलेल्याला ५४० आणि उरलेल्या साऱ्या जगाला ११००. मुख्य कबरीपर्यंत जायचे तर आणखी २०० रुपये, पण ते सर्वांना सारखेच. पहिल्या नजरेत हे आकडे कुणीतरी मनाला येईल तसे ठरवल्यासारखे वाटतात. त्यातला ५४० तर फारच चमत्कारिक, धड निम्माही नाही.

तो फोडून पाहिला की आतली गंमत दिसते. ताजच्या प्रत्येक तिकिटात दोन हिस्से असतात. पहिला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा: भारतीयाकडून ४० रुपये, परदेशी माणसाकडून ६००. दुसरा आग्रा विकास प्राधिकरणाच्या पथकराचा: भारतीयाकडून १०, परदेशी माणसाकडून ५००. आता ढाक्याहून किंवा कोलंबोहून आलेला पाहुणा घ्या. पुरातत्त्व सर्वेक्षण त्याला घरच्यांत धरते आणि ४० रुपये घेते. आग्र्याचे प्राधिकरण त्याला परदेशीच धरते आणि ५०० घेते. बेरीज ५४०. एकच माणूस, एकच दार, एकच कागद. पण त्या कागदाच्या एका हिश्श्यात तो आपला आहे आणि दुसऱ्यात परका. कोण आपले हे ठरवणारा इतका नेमका दस्तऐवज मी दुसरा पाहिलेला नाही.

अजिंठ्याला आणि वेरूळला हा पथकर नाही, त्यामुळे तिथे दोनच दर उरतात: ४० आणि ६००. जागतिक वारसा यादीतल्या तिकीट असलेल्या स्मारकांना पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ पासून हाच दर लावला आहे. बीबी का मकबरा किंवा शनिवारवाडा अशा इतर ठिकाणी तो २५ आणि ३०० आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना कुठलेच तिकीट नाही, मग ती कुठल्याही देशाची असोत.

आता बिमस्टेकच्या यादीत थायलंड आणि म्यानमारही आहेत हे लक्षात घ्या. म्हणजे बँकॉकहून आलेला भिक्खू अजिंठ्याची लेणी ४० रुपयांत पाहतो. त्याच्या शेजारी उभा असलेला जपानी भाविक ६०० रुपये भरतो. बुद्ध दोघांचा तोच. शिवाय अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनासाठी आणि पर्यटनविकासासाठी भारताने जपानकडून कर्ज घेतलेले आहे. तिकिटाचा नकाशा धर्म पाहत नाही, मदतीचा हातही पाहत नाही. तो राजनैतिक शेजार पाहतो.

ही सवलत उलट दिशेने मात्र सगळीकडे चालत नाही. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत भारतीय माणूस परदेशी दरच भरतो, आणि हा दर कित्येकदा स्थानिकांच्या दहापट असतो. तिथल्या अनेक पाट्यांवर परदेशी दर जगाला कळणाऱ्या अंकांत आणि थाई माणसाचा दर थाई अंकांत लिहिलेला असतो. त्या थाई अंकांचे मूळ आपल्या देवनागरी अंकांसारखेच ब्राह्मीत आहे. तरीही कुणी वाचून दाखवल्याशिवाय ते आपल्याला उमगत नाहीत.

हे सगळे चालते कसे? एकाच वस्तूला गिऱ्हाईक पाहून वेगळी किंमत लावायची तर अर्थशास्त्र काही अटी घालते. ती वस्तू दुसरीकडे मिळता कामा नये. ताज एकच आहे. गिऱ्हाइकांचे गट ओळखता आले पाहिजेत. आणि स्वस्तात घेतलेला माल महाग गटाला विकता येऊ नये. म्हणून तर स्वस्त तिकीट हातात असले तरी दारावर ओळखपत्र मागितले जाऊ शकते. यातली ओळखण्याची अट सर्वांत अवघड. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्युई याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या बिनछपराच्या डब्यांबद्दल लिहिले होते. छपराचा खर्च कंपन्यांना जड नव्हता. पण छप्पर घातले असते तर ऐपतवाले प्रवासीही तिसऱ्या वर्गात बसले असते. कुणाची ऐपत किती हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून गरिबांना पावसात बसवून श्रीमंतांना वरच्या वर्गात ढकलले गेले. पासपोर्टने ही क्रूरता अनावश्यक केली. ऐपतीचा अंदाज तो ढोबळच देतो, पण त्यासाठी कुणाला भिजावे लागत नाही.

शिवाय सातासमुद्रापलीकडून येणाऱ्याच्या एकूण खर्चात ११०० रुपये नगण्य असतात. विदर्भातल्या किंवा बिहारमधल्या सहा जणांच्या कुटुंबाला मात्र तेच तिकीट घराबाहेर पडू देणार नाही. हे कुटुंब काहीही विकत घेताना कर भरते आणि त्याच पैशातून स्मारकाची डागडुजी होते. म्हणून दोन दर मला न्याय्य वाटतात. स्थानिकाचा दर खाली राहावा, हीच त्यातली मोलाची गोष्ट.

खरी नवलाई मात्र प्रत्येक देश आपली रेषा कुठे ओढतो यात आहे. जॉर्डनमधल्या पेट्रात जॉर्डनच्या नागरिकाला एक दिनार पडतो. परदेशी पाहुण्याला एका दिवसाचे ५० दिनार, पण तो देशात रात्रभर मुक्काम करणार असेल तरच. सीमा ओलांडून यायचे, पाहायचे आणि लगेच निघायचे, अशा माणसाला ९०. किंमत ठरते ती झोपण्याच्या जागेवरून! भूतानमध्ये आपण भारतीय मधल्या पायरीवर आहोत: बहुतेक इतर परदेशी पर्यटकांना मुक्कामाचे शुल्क दर रात्री १०० डॉलर, आपल्याला १२०० रुपये. पूर्वी आपल्याला तेही नव्हते.

युरोपात हा प्रश्न न्यायालयात गेला. इटलीतल्या काही संग्रहालयांत आणि स्मारकांत ज्येष्ठांना मोफत प्रवेश होता, पण तो इटालियन नागरिकांना किंवा तिथल्या रहिवाशांनाच. व्हेनिसचा डोजे राजवाडा त्यातलाच. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव ठरवला: युरोपीय संघातल्या नागरिकांत असा फरक करता येणार नाही. मग रेषा पुसली गेली का? नाही, ती दूर सरकली. जानेवारी २०२६ पासून पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांना ३२ युरो आहेत, आतल्यांना २२.

जपानमधल्या हिमेजी किल्ल्याने तर रेषा उलट आत ओढली. तिथल्या महापौरांनी आधी परदेशी पर्यटकांकडून जास्त घेण्याची कल्पना मांडली होती. शेवटी ठरले ते वेगळेच: मार्च २०२६ पासून हिमेजीकरांना १००० येन आणि बाकी सर्वांना २५००. टोकियोचा माणूस आणि तासगावचा माणूस तिथे एकाच रांगेत.

आपल्याकडेही ही रेषा हलली आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पण ओसीआय कार्ड असलेल्यांना मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय स्मारके, संग्रहालये आणि अभयारण्यांत भारतीयांचाच दर आहे. न्यू जर्सीत वाढलेली नात अमेरिकन पासपोर्टवर आली तरी, ते कार्ड असेल तर, आजोबांच्या शेजारी उभी राहून कैलास लेणे ४० रुपयांतच पाहते. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

चेहरा पाहून केलेला निवाडा मात्र मुळीच सहन होत नाही. ईशान्य भारतातून आलेल्या आपल्याच नागरिकांना स्मारकांच्या दारावर अडवून भारतीय असल्याचा पुरावा मागितल्याच्या तक्रारी पुन्हा पुन्हा झाल्या आहेत. ओळखपत्र मागायचे तर ते रांगेतल्या प्रत्येकाकडे मागा, पुण्याच्या माणसाकडेही आणि कोहिमाच्या माणसाकडेही.

जुलै २०२५ मध्ये शिवकालाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. तिथल्या दरांचा विचार करताना आपल्या राज्याने हिमेजीकडे जरूर पाहावे. परदेशी पाहुण्याने जास्त द्यावे, मुंबई-पुण्याहून चारचाकीने येणाऱ्या आमच्यासारख्यांनीही थोडे द्यावे, आणि राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे, पाली अशा गावांकडून काहीच घेऊ नये. जमणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा त्या ग्रामपंचायतींकडे जावा आणि त्याचा हिशेब तिकीटखिडकीवरच लावलेला असावा.