खडखडाटात कुजबुज कशी ऐकावी?

यंत्रमागाच्या खडखडाटात शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही, हे आपल्या सोलापूरकरांना सांगायला नको. क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्यांची अडचण हीच.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमाप करून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवला गेला.

आता नखाएवढ्या स्फटिकावर असे मोजमाप होऊ लागले आहे. ताणलेल्या सुताचा ताण बदलला की त्यावरून धावणाऱ्या लहरीचा वेग बदलतो. तसेच इथे. क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर विजेच्या साह्याने ध्वनिलहर सोडतात. वर लोहयुक्त मिश्रधातूचा पातळ थर असतो. चुंबकीय क्षेत्रात त्याचा ताठरपणा बदलतो आणि लहर किंचित लवकर वा उशिरा पोहोचते. त्या फरकावरून क्षेत्र कळते. हृदयाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून लाखो पटींनी क्षीण; अशी क्षेत्रे टिपणारे संवेदक घडवण्यासाठी जर्मनीतील कील विद्यापीठात संशोधन झाले आहे.

मुलांनो, खडखडाट थांबत नसेल तर जागा बदला; नोंदवही मात्र बंद पडू देऊ नका.